डीव्हीडी लहान करताना चित्र का बिघडते?

(मंचाच्या शारजा येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आजचा विषय वाचून दोघांतिघांचे फोन आले. एक जण म्हणाले, "अहो, पुरोगामी मंचावर हे कॉम्प्युटरचे क्लास कधीपासून सुरू झाले?" दुसऱ्या ताई म्हणाल्या, "डीव्हीडी आता बघतं कोण? माझ्या लॅपटॉपला तर ती घालायची फटसुद्धा नाही." दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर देण्यासाठी मी आधी एका माणसाबद्दल सांगणार आहे आणि मग माझ्या एका चुकीबद्दल. तंत्राचा भाग त्यातूनच येईल.

आपल्यातल्या जुन्या सभासदांना काका आठवत असतील. त्यांच्या घरच्यांच्या इच्छेप्रमाणे नाव घेत नाही. गाव दापोलीच्या बाजूचे. १९६४ साली, एकोणिसाव्या वर्षी, मुंबईहून बोटीच्या डेकवर बसून ते दुबईला आले. तेव्हा संयुक्त अरब अमिराती हा देशच नव्हता, तो १९७१ चा. दुबईत तेलही सापडायचे होते. काकांचा पहिला पगार गल्फ रुपयांत झाला. आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी १९५९ पासून वेगळ्या रंगात काढलेल्या नोटा होत्या त्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर त्या इथून गेल्या. दिरहम आला १९७३ साली. म्हणजे एकाच गावात, एकाच बांधकामाच्या धंद्यात राहून काकांनी तीन-चार चलने हाताळली. आपल्यापैकी किती जणांना हे शाळेत शिकवले होते? मला तरी नाही.

२००७ साली मंचाच्या त्या वेळच्या मंडळींनी काकांना शारजातल्या एका घरी बसवून बोलते केले. मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर एक तास चाळीस मिनिटांचे रेकॉर्डिंग झाले. त्याची डीव्हीडी केली, सुमारे सव्वाचार जीबीची. तिची आणखी एक प्रत कुणीतरी कुणालातरी दिली. कुणाला, याची नोंद नव्हती. कॅमेऱ्यातली मूळ टेप पुढच्या कार्यक्रमासाठी पुन्हा वापरली. आपल्या संस्थांचे असेच चालते.

मी इथे आलो २००९ मध्ये. २०१२ साली मंचाच्या नव्वद डीव्हीडी माझ्याकडे सोपवल्या गेल्या. कारण एवढेच, की "तू शास्त्रज्ञ आहेस आणि लिनक्स वापरतोस." मंचाकडे १६० जीबीची एक जुनी हार्डडिस्क होती. नव्वद चकत्यांचा ऐवज पावणेचारशे जीबीच्या वर जात होता. तेव्हा प्रत्येक चकती निम्म्याहून लहान करणे भाग होते. मी त्या वेळी सगळ्यात वेगवान वाटलेली पद्धत निवडली. एका चकतीला पंधरा मिनिटे. तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची असायची. तीन शुक्रवारांत काम उरकले, फाइली उघडतात एवढे पाहिले आणि हार्डडिस्क परत केली. मूळ चकत्यांचा खोका माझ्या गाडीच्या डिकीत राहिला, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत. इथला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको.

२०१५ साली काका गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या आठवणीसाठी आपण जमलो आणि ती फाइल पडद्यावर लावली. सुरुवातीपासूनच चित्र गढूळ होते, दर अर्ध्या सेकंदाला उचकी लागल्यासारखे हलत होते. एक्केचाळिसाव्या मिनिटाला काका त्यांच्याबरोबर बोटीतून आलेल्या, शेजारच्या गावच्या एका मुलाविषयी सांगू लागले. तो कामावर वरून पडून गेला. त्याला इथेच मूठमाती दिली. काका त्याचे नाव घेतात आणि नेमके तिथे त्यांच्या चेहऱ्याचे हिरवे-करडे चौकोन झाले, आवाज खर्रकन तुटला. पुन्हा आवाज आला तेव्हा पुढचे वाक्य चालू होते. काकांची मुलगी पुढच्याच रांगेत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, बाबा बोलतायत, पण दिसत नाहीत."

मी पीएच.डी. केली ती स्पेक्ट्रोस्कोपीत. गोंगाटातून संकेत वेगळा काढणे हाच माझा व्यवसाय. आणि मी स्वतःच्या हाताने संकेताचा गोंगाट करून ठेवला होता.

आता हे का झाले ते पाहू.

पहिली गोष्ट अशी, की डीव्हीडीवरचे चित्र आधीच पिळून काढलेले असते. आपल्याकडे भारतात आणि इथेही पाल पद्धत. तिची एक फ्रेम म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, सेकंदाला २५ फ्रेम. रंगाची माहिती निम्म्या बारकाईने ठेवली तरी हे न आवळलेले चित्र सेकंदाला साधारण साडेपंधरा एमबी घेते, तासाला ५६ जीबी. डीव्हीडीत तोच तास सव्वादोन जीबीच्या आसपास बसतो. म्हणजे एमपेग-२ नावाच्या पद्धतीने ते सुमारे पंचविसाव्या हिश्शावर आणलेले असते. आपण "डीव्हीडी लहान करतो" म्हणतो तेव्हा उसाचा चोथा दुसऱ्यांदा चरकात घालत असतो. रस निघतो, पण कसा निघतो ते चरक चालवणाऱ्यावर आहे.

दुसरी गोष्ट. एमपेग-२ प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. एक फ्रेम पूर्ण लिहिते आणि पुढच्या फ्रेमसाठी फक्त "आधीच्यापेक्षा काय बदलले" ते लिहिते. पालमध्ये बहुधा बारा फ्रेमचा असा एक गट असतो, म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. गटाची पहिली फ्रेम बिघडली, की तिच्यावर टेकलेल्या सगळ्या बिघडतात. उधारीच्या वहीत पहिली रक्कम चुकली, की खालची प्रत्येक बेरीज चुकते, तसेच.

माझ्या वेगवान पद्धतीने काय केले? तिने चित्र पूर्ण उलगडून पुन्हा बांधलेच नाही. आकडे होते तसे उचलले आणि अधिक ढोबळ करून परत लिहिले. चार जीबीचे साडेतीन करायचे असतील तर हे कधी कधी खपून जाते. पण निम्म्याहून लहान करायला गेलात तर पहिली फ्रेम ढोबळ होते, आणि पुढच्या फ्रेमचे "बदल" मात्र जुन्या, नितळ फ्रेमशी ताडून लिहिलेले असतात. चूक साचत जाते, नवा गट आला की एकदम साफ होते, पुन्हा साचते. दर अर्ध्या सेकंदाची उचकी ती हीच.

तिसरी गोष्ट, चौकोनांची. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती असते ती सेंद्रिय रंगाच्या एका पातळ थरात. लेसर त्या रंगावर खुणा जाळतो. ऊन, उष्णता, दमट हवा हे त्या रंगाचे शत्रू. काकांची चकती २०१२ साली मी वाचली तेव्हाच काही ठिकाणी दगा देत होती. प्रोग्रामने न वाचता आलेल्या जागी शून्ये भरली आणि मुकाट पुढे गेला. मी त्याचा अहवाल वाचला नाही. नंतर डिकीतल्या उन्हाळ्याने उरलेले काम केले.

येथे एक हिशेब पाहण्यासारखा आहे. डीव्हीडीवर चुका दुरुस्त करण्याची सोय ३२ केबीच्या ठोकळ्यांनी केलेली असते, म्हणून ती बिघडते तेव्हाही एकेका ठोकळ्याने बिघडते. उन्हाळ्यानंतर त्या चकतीतला सुमारे ६ एमबी भाग वाचता येत नव्हता. सव्वाचार जीबीत ६ एमबी म्हणजे हजारात दीड भागसुद्धा नाही. कुठल्याही अहवालात "९९.८ टक्के यशस्वी" असे लिहून मोकळे होता येईल. पण ६ एमबी म्हणजे असे सुमारे १८० ठोकळे. ते विखुरलेले असतील तर प्रत्येक ठोकळा अर्ध्या सेकंदापर्यंतचे चित्र खराब करू शकतो, एकूण दीड मिनिट. आणि त्यातले वीस-बावीस लागोपाठ आले, तर एका माणसाचे नाव जाते. टक्केवारीला हे दिसत नाही.

आता, नीट कसे करायचे? मी लिनक्सवर करतो, कारण त्यासाठी लागणारी सगळी अवजारे तिथे मोफत आहेत आणि खुली आहेत. ती आत काय करतात हे पाहता येते. एफएफएमपेग २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केले. एक्स२६४ हे व्हीएलसी प्लेअरवाल्या व्हिडिओलॅन मंडळींकडचे. जगातले कितीतरी व्हिडिओ यांच्या जोरावर चालतात आणि कुणी एक पैसा मागत नाही. सामुदायिक श्रमावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उदाहरण अधूनमधून तरी सांगावे. कमांड इथे तोंडी सांगत बसत नाही. कल्पना समजली तर त्या कुठेही मिळतात, आणि कल्पना न समजता चिकटवलेली कमांड म्हणजे बुवाचा अंगारा. "हे सेटिंग लावा, चमत्कार बघा" असे सांगणारे नेटवर पुष्कळ आहेत. आपण निदान पुरावा मागू या.

पहिली पायरी: आधी चकतीची जशीच्या तशी प्रत घ्या, मग बाकीचे. थेट चकतीवरून लहान फाइल करायला बसू नका. चकतीचे आरपार बिंब हार्डडिस्कवर उतरवा. यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम उत्तम. तो आधी सहज वाचता येणारा भाग पटापट उचलतो आणि अडेल त्या जागा सोडून देतो. मग मागे येऊन त्या जागा पुन्हा पुन्हा, हवे तर उलट्या दिशेनेही, वाचून बघतो. कुठे यश आले आणि कुठे नाही याचा नकाशा एका वेगळ्या फाइलीत ठेवतो. हा नकाशा म्हणजे प्रामाणिकपणा. त्याच्याशिवाय आपण काय गमावले हे आपल्यालाच कळत नाही. ड्राइव्ह बदलून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेले दुसरा वाचतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह बर दुबईत खालिद बिन अल वलीद रस्त्यावर, म्हणजे आपल्या कॉम्प्युटर स्ट्रीटवर, शोधला तर मिळेल. आणि घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर केलेली चकती कॉम्प्युटरला कोरी दिसली, तर ती "फायनलाइज" करायची राहिली असण्याची शक्यता आहे. ती फेकून देऊ नका.

दुसरी पायरी: योग्य शीर्षक निवडा. चकतीत एक जीबीपर्यंतच्या तुकड्यांत फाइली असतात. ते तुकडे नुसते एकापुढे एक जोडले, तर कधी मेनूचे चित्र मध्ये येते, कधी वेळेचे शिक्के मागेपुढे होतात आणि ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे जातो. चकतीची अनुक्रमणिका वाचणाऱ्या प्रोग्रामनेच ते उचलावे. हँडब्रेक हे काम नीट करतो, आणि ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांच्यासाठी त्याला खिडक्या आणि बटणे आहेत.

तिसरी पायरी, आणि इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात: इंटरलेसिंग. कॅमेऱ्याच्या जुन्या चित्रात एक फ्रेम म्हणजे खरे तर दोन अर्धी चित्रे असतात. सम ओळी एका क्षणाच्या, विषम ओळी पन्नासाव्या हिश्शाने पुढच्या क्षणाच्या. काकांनी हात हलवला, की हाताला कंगव्याचे दात फुटलेले दिसतात ते यामुळे. आधी हे दोन क्षण वेगळे करायचे, मगच चित्र कापायचे किंवा छोटे करायचे. क्रम उलटा झाला आणि न सोडवलेले चित्र उंचीने लहान केले, तर दोन क्षण एकमेकांत कालवले जातात. मीठ-साखर एकत्र केल्यावर पुन्हा निवडता येत नाही, तसे ते नुकसान कायमचे. एफएफएमपेगमध्ये यासाठी यादिफ आणि बीडब्ल्यूडिफ असे दोन फिल्टर आहेत. मी सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम ठेवतो. प्रत्येक अर्ध्या चित्राची एक फ्रेम होते आणि हालचाल मूळ राहते. आणखी एक खाच: मिनीडीव्हीत खालची ओळ आधी येते, डीव्हीडीत बहुधा वरची. डीव्हीडी करताना कुणी गफलत केली असेल तर माणूस दोन पावले पुढे आणि एक मागे चालल्यासारखा दिसतो. असे दिसले तर ओळींचा क्रम बदलून पाहा.

चौथी पायरी: चेहरे लांबट करू नका. डीव्हीडीचे ठिपके चौरस नसतात. तेच ७२० गुणिले ५७६ चित्र चारास तीनही असते आणि सोळास नऊही. कोणते, ते एका खुणेत लिहिलेले असते. ती खूण नव्या फाइलीत जाऊ द्या. आणि चित्र फुगवून एचडी करू नका. नसलेली माहिती फुगवल्याने येत नाही, फाइल मात्र वाढते.

पाचवी पायरी: आकार ठरवू नका, दर्जा ठरवा. २००० च्या दशकात आपण सगळे ७०० एमबीच्या सीडीत बसवायच्या मागे असायचो. त्यामुळे शांत भाषणालाही तेवढेच आणि नाचगाण्यालाही तेवढेच, असा न्याय होई. एक्स२६४ मध्ये सीआरएफ नावाचा आकडा असतो. तो १८ ते २० ठेवा, वेग "स्लो" ठेवा आणि मशीनला रात्रभर चालू द्या. आकडा लहान तितका दर्जा वरचा. आकार जो येईल तो येईल. आपल्या घरगुती रेकॉर्डिंगच्या बाबतीत दीड-पावणेदोन तासांचे भाषण मला साधारण एक जीबीच्या आसपास मिळते. अंधाऱ्या खोलीतले, खरखरीत चित्र असेल तर जास्त. आवाज हा एकूण आकाराचा अगदी छोटा हिस्सा असतो, त्याला पुन्हा आवळण्याची कंजुषी करू नका. आहे तसाच उचलून नव्या फाइलीत ठेवता येतो.

आणि सहावी, जी मी २०१२ साली पूर्ण गाळली: तपासा. नवी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून एकही चूक येत नाही ना, हे एफएफएमपेगकडून वदवून घेता येते. चित्र कुठे लिहायचे नाही, फक्त वाचायचे आणि तक्रारी छापायच्या. मूळ आणि नवी फाइल यांची फ्रेमला फ्रेम तुलना करणारी एसएसआयएम आणि व्हीएमएएफ अशी मापे आहेत. पण त्यांची सरासरी पाहून समाधान मानू नका. सरासरी ही श्रीमंतांच्या वस्तीतल्या दरडोई उत्पन्नासारखी असते. सगळ्यात वाईट दहा फ्रेम कोणत्या, ते पाहा, तिथे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शिवाय सुरुवात, मध्य आणि शेवट ऐकून आवाज आणि ओठ जुळतात का ते बघा.

आता मूळ प्रश्न: लहान करायचे तरी कशाला? २०१२ साली मला गत्यंतर नव्हते असे मी वर म्हणालो. ते खरे म्हणजे अर्धसत्य आहे. तेव्हाही वर्गणी काढून मोठी हार्डडिस्क घेता आली असती. मी विचारलेच नाही. आज तर एक टीबीच्या डिस्कवर काठोकाठ भरलेल्या दोनशेहून जास्त डीव्हीडींची बिंबे बसतात. आपल्या नव्वद चकत्यांना निम्मीही जागा लागत नाही. म्हणून माझे आजचे सांगणे एका वाक्यात असे: लहान करायचे ते वाटण्यासाठी, जपण्यासाठी नाही. जपायचे ते बिंब, न आवळता, दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी प्रत दुसऱ्या शहरात. लहान फाइल ही त्या बिंबाची झेरॉक्स. झेरॉक्स काढून मूळ कागद रद्दीत घालणारा माणूस आपण शहाणा म्हणणार नाही. मी तेच केले होते.

ही काळजी फक्त आपल्या छोट्या मंचाची नाही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचे तेवढे उपलब्ध आहे. 'आलम आरा' १९३१ चा, त्याची एकही प्रत ठाऊक नाही. ही तर गाजलेली, तिकीट लावून दाखवलेली चित्रे. मग डेकवर बसून आलेल्या मजुराच्या बोलण्याची प्रत कोण जपणार? इमारतींचे फोटो राहतात, उद्घाटनाच्या फिती कापणाऱ्यांचे राहतात. परातीतून काँक्रीट वाहणाऱ्याचे राहत नाही. ते राहावे असे वाटत असेल तर कुणीतरी आपला शनिवार-रविवार घालवावा लागतो.

काकांच्या चकतीचे पुढे काय झाले ते सांगतो. २०१९ मध्ये पुण्याला परतलेल्या आपल्या एका जुन्या सभासदांच्या घरी, स्टीलच्या कपाटात, दुलईखाली ती दुसरी प्रत सापडली. तीही निर्दोष नव्हती. पण दोन्ही चकत्या एकाच बिंबावरून लिहिलेल्या होत्या. त्यामुळे पहिलीवरचा लाखावा ठोकळा तोच दुसरीवरचाही लाखावा. डीडीरेस्क्यूला पहिल्या चकतीचा नकाशा दिला आणि सांगितले, फक्त राहिलेल्या जागा दुसऱ्या चकतीवरून भर. दोन्ही चकत्या वेगवेगळ्या ठिकाणी आजारी होत्या. रात्री दीड वाजता न वाचता आलेले ६ एमबी उतरून ९६ केबीवर आले. तीन ठोकळे. ते अजून तसेच आहेत. त्यांतला एक मेनूत आहे, दोन ठिकाणी चित्र क्षणभर थरथरते. मी ते लपवलेले नाही, फाइलीसोबतच्या टिपणात वेळ लिहून ठेवली आहे.

एक्केचाळिसावे मिनिट पूर्ण आले. त्या मुलाचे नाव, गाव, वाडी, सगळे. काका नाव घेतात, थोडे थांबतात, चष्मा काढून पुसतात आणि मग पुढे बोलतात. चष्मा पुसणे आम्हाला आधी माहीतच नव्हते. काकांच्या मुलीला मी नवी फाइल पाठवली. तिने उत्तरात एवढेच लिहिले, "आता दिसतायत." त्या मुलाचे नाव मी आज इथे घेणार नाही. त्याच्या घरची माणसे शोधायचा प्रयत्न चालू आहे. ते नाव पहिल्यांदा त्यांनी ऐकायला हवे. रेकॉर्डिंग आपल्या ताब्यात आहे म्हणून ते आपल्या मालकीचे होत नाही. बाकीच्या चकत्या वाटण्याआधीही ज्यांचे बोलणे आहे त्यांना, ते नसतील तर घरच्यांना, विचारायचे असे आपण ठरवू या.

शेवटी तीन सूचना.

एक. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल तिकडे पुन्हा आवळली जाते. तुमची रात्रभराची मेहनत एका क्षणात पाण्यात. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल तशी जाते.

दोन. विकतच्या नाटक-सिनेमांच्या डीव्हीडींचा विषय मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. भारतातली चकती पाचव्या विभागाची आणि इथला प्लेअर दुसऱ्या विभागाचा, म्हणून आपण पैसे भरून घेतलेली डीव्हीडी आपल्यालाच दिसत नसे, हा जाच आपण सगळ्यांनी सोसला आहे. त्या कुलपांबद्दल माझी मते तिखट आहेत. पण ती कुलपे उघडणे हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि कलावंताच्या पोटाचा प्रश्नही आहे. त्यावर वेगळी बैठक घेऊ. आज बोललो ते आपल्याच रेकॉर्डिंगबद्दल.

तीन. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने जुना व्हिडिओ "चकचकीत" करून देणारी साधने आली आहेत. मौज म्हणून वापरा. पण ती साधने बिघडलेला चेहरा दुरुस्त करत नाहीत, तसा एक चेहरा कल्पून काढतात. हरवलेल्या जागी खरा खड्डा दिसणे हे खोट्या गुळगुळीतपणापेक्षा चांगले. पुरावा मानणाऱ्यांनी एवढे तरी पाळावे.

नव्वदपैकी सेहेचाळीस चकत्यांची बिंबे उतरवून झाली आहेत. चव्वेचाळीस राहिल्या आहेत, आणि तुमच्या कपाटांत किती आहेत ते मला ठाऊक नाही. पुढच्या बैठकीला मी दोन ड्राइव्ह आणि एक लॅपटॉप घेऊन येणार आहे. येताना खोके, पिशव्या, जुन्या सुटकेसी उघडून पाहा. वर काही लिहिलेले नसले तरी आणा. ओरखडे असले तरी आणा. एकाच कार्यक्रमाची दुसरी प्रत असली तर ती नक्कीच आणा, ती निरुपयोगी समजू नका. फक्त एक विनंती आहे. गाडीत डिकीत ठेवू नका, मांडीवर घेऊन या.